पाव्हणीचं दार

परवा आमच्याकडे इलेक्ट्रिशियन आला होता. स्विचबोर्डाची पट्टी बदलली, पिशवी आवरली आणि निघाला. मी म्हटलं, "थांब बाळा, स्क्रू सरळ कर."

"घट्ट बसलेत आजी."

"घट्ट आहेत रे, पण सरळ नाहीत."

आजकालच्या स्क्रूंच्या डोक्यावर फुली असते. ती मला अधिकच्या चिन्हासारखी लागते, गुणाकारासारखी चालत नाही. त्या मुलाने माझ्या सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "करा हो दादा, नाहीतर तुम्ही गेल्यावर त्या मला स्टुलावर चढवतील."

हे वेड काही मी माहेराहून आणलेलं नाही. माहेराहून मी आणली होती गुर्मी, आणि पडदे. त्यांच्याबद्दल पुढे सांगते. स्क्रूंचं वेड लावलं ते चिंचवड गावातल्या आमच्या घरमालकाने. जाऊन कितीतरी वर्षं झाली त्यांना, तरी मी अजून त्यांची भाडेकरू असल्यासारखी वागते.

साठ-पासष्टच्या सुमारास आमच्या ह्यांना पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली. ह्यांनी सांगलीला पत्र लिहिलं, 'कंपनीजवळ स्वतंत्र जागा मिळाली आहे.' स्वतंत्र जागा म्हटल्यावर मी काय समजले असेन? बंगली! मॅट्रिक झालेली, भरतकामात बक्षीस मिळवलेली मुलगी मी. बसून सहा खिडक्यांचे पडदे शिवले, प्रत्येकावर पोपटांची जोडी. हिरवा दोरा मध्येच संपला, म्हणून पोपट जांभळे केले. मला ते फार कलात्मक वाटले होते.

टांग्यातून उतरले तर एक लांबच लांब पत्र्याची चाळ, आणि चाळीच्या बरोब्बर मध्ये आमची खोली. खिडकी एकच, पाटीएवढी. ट्रंकेवर बसून मी रडायची तयारी करत होते, तेवढ्यात दारात एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. धोतर, वर कारखान्याचा खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. बोटाच्या पेराने त्याने आमची चौकट टकटक वाजवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "सूनबाई, ही खोली न्हाई बरं का. हे दार हाय. तुमी माज्या दारात ऱ्हाताय."

मला वाटलं, माणूस पिऊन आलाय.

"घरमालक आहेत आपले. काकांचं ऐकून घे," हे हळूच म्हणाले. "मागच्या अंगणात जाऊन ये, म्हणजे कळेल."

मागच्या अंगणात, चारी बाजूंनी खोल्यांनी वेढलेली, ताडपत्रीखाली ती उभी होती. चाकांवरचं घर! मोटारीच्या मागे जोडून कुठंही न्यायचं, थांबू तिथे राहायचं. माझी नात त्याला कॅराव्हॅन म्हणते आणि सुट्टीत भाड्याने घेऊन कोकणात जाते. तेव्हा हा शब्द आमच्या चाळीत कुणाला ठाऊक नव्हता. पोरं तिला 'डबा' म्हणायची. काका म्हणायचे 'पाव्हणी'. "ती ऱ्हायला आलेली न्हाई. एक दिवस जायची हाय."

तिला बाहेर पडायला रस्त्याच्या बाजूने एकच फट होती. कारखाने आले, माणसं खोल्यांसाठी दारोदार फिरायला लागली, तेव्हा काकांनी त्या फटीतही खोली काढली. पण काढली ती त्यांच्या पद्धतीने. पुढची आणि मागची भिंत मातीत रचलेली, सिमेंटचा कण नाही. जोतं नाही, जमीन अंगणाच्या पातळीला. वरचे पत्रे नटबोल्टांवर. खोलीची रुंदी पाव्हणीच्या रुंदीहून दोन्ही अंगांना वीतभर जास्त. पाव्हणी तयार झाली की भिंती उतरवायच्या, तिला बाहेर काढायची. तोवर आम्ही राहायचं. ओटा बांधायचा नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही.

"आणि मग आम्ही कुठे जायचं?" मी ताडकन विचारलं. नवी नवरी होते, पण जीभ जुनीच होती.

"तवाचं तवा," काका म्हणाले आणि माझी ट्रंक टकटक वाजवून बघितली. "साग न्हाई ही. आंब्याची हाय."

माझ्या वडिलांनी सागाची म्हणून घेतलेली ट्रंक होती ती! त्या दिवसापासून मी काकांशी भांडण धरलं. काकांना त्याचा पत्ता नव्हता.

काका तरुणपणी पुण्याच्या लष्करात, म्हणजे कॅम्पात, मोटारींच्या लाकडी बॉड्या बांधायच्या कारखान्यात सुतार होते, पुढे पिंपरीच्या एका कंपनीत लागले. वाजवून बघायची सवय तिथलीच. ते सगळंच वाजवून बघायचे. चौकटी, फळ्या, कलिंगडं. एकदा आमचे हे खोकत होते तर ह्यांच्या छातीवर पेर वाजवून म्हणाले, "आत वल हाय. काढा घ्या."

पाव्हणी त्यांना सापडली ती हिंजवडीच्या पलीकडे, माण गावी. लग्नाच्या पंगतीला बसले होते. समोर ज्वारीचं शेत, आणि कणसांच्या वर त्यांना एक छप्पर दिसलं. छपराच्या मधोमध उचललेलं दुसरं छोटं छप्पर, त्याच्या बाजूंना बोटभर काचा. ते पानावरून उठले आणि सरळ ज्वारीत शिरले. काकू हा किस्सा सांगताना दर वेळी कपाळाला हात लावायच्या. "जिलबी पानात पडली व्हती. जिलबी! वाढपी इचारतोय, पाव्हणं कुटं गेलं? आनि ह्ये कोंबड्यांच्या खुराड्यात!"

खरंच खुराडं झालं होतं तिचं. चाकं गेलेली, आत वाळलेल्या कांद्याच्या पाती, बाकांवर कोंबड्या. शेतकऱ्याला वाटलं, ह्याला लाकूड हवंय सरपणाला. काकांनी त्याला अस्सल सागाचं नवं खुराडं बांधून दिलं, कडीकोयंड्याचं, आणि बदल्यात ही आणली. शेतकरी गावभर सांगायचा की शहराजवळच्या माणसाला कसा बनवला.

तिच्या अंगावर नाव-गाव काही नव्हतं. जिथे कंपनीची पट्टी असायची तिथे नुसती भोकं आणि भोवती फिक्या रंगाचा चौकोन. मग काकांनी तिला ओळखायचं काम हाती घेतलं, तेही सोयरीक जुळवताना घराणं काढतात तसं. तळहाताएवढी जागा धरून रंग खरवडला, एकेक थर पायरीपायरीने उघडा ठेवला. वर चुना, खाली लष्करी हिरवा, त्याखाली करडा आणि सगळ्यात तळाशी सायीसारखा पिवळट रंग, त्यावर विटकरी रेघ. "पैल्यांदा सायबाकडं व्हती, हवा खायाला डोंगरावर जायची," ते मला समजावत. "मंग लढाईत पलटणीकडं गेली. मंग कोंबड्या. आनि ह्यो दुमजली माथा बघा. लढाईच्या आधीच्या असल्याच असायच्या, मी लष्करात दुरुस्तीला आलेली एक बघितलीया. नंतरच्या निस्त्या खोक्यासारख्या."

"मग आता हिचा खरा रंग कुठला?" मी विचारलं. कुत्सितपणे, हं! मला वाटलं, कसं कोंडीत पकडलं.

"तळातला. बाकीचे समदे लोकांनी दिलेले."

'सोडवायचं, तोडायचं न्हाई,' हे त्यांचं ब्रीद. गंजलेला स्क्रू असेल तर त्यावर तेल सोडून चार दिवस वाट पाहायची. सुटलेले स्क्रू काकूंच्या मिसळणाच्या डब्यात जायचे. मोहरीच्या वाटीत लहान, जिऱ्याच्या वाटीत मोठे, हळदीच्या वाटीत पितळी. काकूंचा मसाला मग पुडीत. आणि परत बसवताना प्रत्येक स्क्रूची खाच उभी हवी. "आडवी खाच म्हंजे झोपल्याला पहारेकरी," ते म्हणायचे. सगळे उभे असले, की कुठला ढिला झाला ते लांबूनही कळतं, हे त्यातलं शास्त्र. पण आम्हाला शास्त्र कशाला हवं होतं? नळावर पाणी भरताना आम्ही बाया त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यात छान करायचे. पेराने घागर वाजवायची आणि म्हणायची, "ही तांब्याची न्हाई, आंब्याची हाय!" बायका हसून हसून पाणी सांडायच्या.

काकूंना पाव्हणीत बसायचं म्हटलं तर राग यायचा. "मी काय सर्कशीतली हाय, चाकावर झोपाया? घर हाय मला." काकांचा बेत मात्र ठरलेला होता. दोघांनी पाव्हणीत बसायचं आणि घाट उतरून जायचं. कुठे? ते त्यांनी कधी सांगितलं नाही. "डावीकडं," एवढंच म्हणायचे. गावातून मुंबई रस्त्यावर आलं, की उजवीकडे पिंपरी, पुणं, डावीकडे घाट. त्यांचा सगळा जन्म उजवीकडे वळण्यात गेला होता. आधी लष्कर, मग कंपनी.

पुढे आम्हाला मुलगी झाली. एके दुपारी, ती पाळण्यात झोपली होती, काकांनी मला हाक मारली. "सूनबाई, जरा आत बसून सांगा, टेबल डुगडुगतंय का. मला भायेरून खालनं बघायचंय. चप्पल काढून जा."

मी नाक मुरडत गेले. आणि काय सांगू! भिंतीतून एक टेबल उलगडून खाली येत होतं. बाक ओढला की पलंग. कपाटांचे कोपरे गोल, जाता-येता कमरेला लागू नयेत म्हणून. कपांना टांगायला पितळी आकडे. वरच्या छोट्या छपरातल्या काचांतून निळा-पिवळा उजेड टेबलावर पडला होता. मी दोन्ही कोपरं टेबलावर टेकून बसले. समोर खिडकी, आणि खिडकीतून काय दिसत होतं? आमच्याच खोलीची मागची भिंत, हाताच्या अंतरावर, तिच्यासमोर वाळत घातलेली दुपटी. तरी मला वाटलं, आत्ता हे हलणार. आत्ता ही दुपटी मागे जाणार, मग चाळ, मग कंपन्यांची धुराडी, आणि मग... मग काय ते मला ठाऊक नव्हतं. पण हवं होतं. इतकं हवं होतं, की काका खालून "डुगडुगतंय का?" असं तीनदा ओरडले तेव्हा कुठे मी भानावर आले.

त्या दिवशी ट्रंकेतून पडदे काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते उलटेसुलटे केले. "ह्ये कावळे हायती?"

"पोपट आहेत!"

"जांभळे?"

"तळातला रंग तोच आहे त्यांचा," मी म्हटलं. काका इतके हसले, की कानावरची पेन्सिल पडली. पडदे थोडे आखूड करून बसवले.

आता आमची पंचाईत बघा. पाव्हणी पूर्ण झाली की आमची खोली जाणार, आणि मलाच ती पूर्ण झालेली बघायची होती. हे काळजीत. संत तुकाराम नगरात कामगारांसाठी इमारती उठत होत्या, ह्यांनी अर्ज केला होता. पण नंबर लागत नव्हता. दर आठवड्याला हे अंगणात जाऊन विचारायचे, "काका, अजून किती काम राहिलं?"

"व्हईल की. घाई न्हाई."

रंग झाला. विटकरी रेघ झाली. जुन्या बाजारातून आणलेल्या चाकांवर नवे टायर चढले. तरी काका रोज काहीतरी करतच होते. एकदा मी पाहिलं, दाराची बिजागरी त्यांनी सोडवली, पुसली आणि होती तशीच परत बसवली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तीच. चाळीतले लोक म्हणाले, म्हातारा चळला. "काय राव, लगीन लागलं तरी हळदच चालू हाय!"

मीही तेच म्हणत होते. एक दिवस काकू तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "चळला न्हाई गं. पाव्हणी कवाच तयार झालीया. तुमास्नी जागा गावली न्हाई म्हनून थांबलाय."

"पण काकांनी तसं सांगितलं नाही..."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? बोचकं बांधून नदीवर बसली असतीस?"

त्यानंतरची वर्षं मला फार मोठी वाटली. मुलगी शाळेत जायला लागली. काका निवृत्त झाले. त्यांच्या हाताला कंप आला, पेचकस खाचेत पहिल्या फटक्यात बसेना. मी रोज ह्यांच्यामागे लागायचे, "ऑफिसात जाऊन या. नंबर कुठवर आला विचारा." हे म्हणायचे, "तुला नवं घर इतकं हवंय?" मी हो म्हणायचे. खरं काय हवं होतं ते सांगितलं असतं, तर ह्यांनी मला माहेरी पाठवलं असतं.

शेवटी आमचा नंबर लागला. दोन खोल्या आणि गॅलरी. ह्यांनी पेढे नेऊन काकांच्या हातावर ठेवले. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि टेप घेऊन आमच्या खोलीची रुंदी मोजायला गेले. जणू इतक्या वर्षांत ती आटली असेल.

भिंती उतरवल्या त्या दिवशी अख्खी चाळ कामाला लागली. तोडायचं नाही, सोडवायचं! पहारीने हळूच वीट उचलायची, हातोहात पुढे द्यायची. माती झडली की विटा नव्यासारख्या. दुपारपर्यंत आमच्या संसाराच्या जागी नुसता उजेड उरला, आणि त्यातून अंगणातली पाव्हणी रस्त्यावरून दिसायला लागली. काकांचा माणचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला. ठरलं असं, की पाव्हणीतून आमचं सामान आणि आम्हाला नव्या घरी पोचवायचं. हे किल्ली घेऊन सायकलवर पुढे गेले.

आणि निघायच्या वेळी काकू आल्या. नवं लुगडं, हातात स्टोव्ह.

"आगं, तू?" काका म्हणाले.

"सूनबाईला पोचवाया नको का? तुमच्यासाटी न्हाई आले." आणि चप्पल न काढता आत जाऊन खिडकीपाशी बसल्या. काका चपलेकडे बघत राहिले.

ट्रॅक्टरने ओढ घेतली. पाव्हणी कुरकुरली आणि हलली. आमच्या खोलीच्या जागेतून, जिथे माझी चूल होती, जिथे पाळणा होता, तिथून ती हळूहळू बाहेर पडली. दोन्ही अंगांना वीतभर जागा ठेवून.

मुंबई रस्त्याला लागलो, तेव्हा नेमका कंपन्यांचा भोंगा झाला. पहिली शिफ्ट सुटली. सायकलींचा लोंढाच आला, आणि त्याच्या मधोमध सायीच्या रंगाची, दोन मजली माथ्याची, जांभळ्या पोपटांच्या पडद्यांची आमची पाव्हणी. "सर्कस आली राव!" "भाऊ, तिकीट कुठं मिळतंय?" काकू खिडकीतून ओरडल्या, "हत्ती मागनं येतोय, सरका!"

काका ट्रॅक्टरवर पुतण्याच्या शेजारी उभे होते. वळणावर पुतण्याने मागे बघून विचारलं, "काका, कुटं?"

काकांनी डावीकडे पाहिलं. रस्ता सरळ घाटाकडे गेला होता. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात वर केला. "आधी लेकरं घरी पोचवू. मंग बघू."

मला कळलं, की मग काही व्हायचं नाही. उतरवलेल्या विटांपाशी सकाळपासून एक नवं जोडपं ट्रंक घेऊन उभं होतं, खोली आहे का विचारत. मी त्यांना पाहिलं होतं. काकांनीही पाहिलं होतं. मी आपली कोपरं त्या टेबलावर टेकली होती, तीच कोपरं उचलली, खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि ओरडले, "डावीकडे!"

"सूनबाई, तुमचे मालक तिकडं किल्ली घेऊन..."

"उभे राहतील. त्यांना शिफ्टची सवय आहे. डावीकडे घ्या!"

"घ्या म्हन्ते न्हवं ती?" काकूंनी आतून साथ दिली. "बसलीच हाय मी, तर दावा एकदाची तुमची डावी बाजू."

पुतण्या हसला आणि ट्रॅक्टर डावीकडे वळला.

आकुर्डी गेली, निगडी गेली. मागे कंपन्या, मग शेतं, मग नुसतं माळरान. पडदे वाऱ्यावर बाहेर फडफडत होते. मुलगी बाकावरून बाकावर उड्या मारत होती. कप आकड्यांवर वाजत होते. पुढे घोरावडेश्वराच्या डोंगराखाली थांबलो, कारण पुतण्याचं डिझेल तेवढंच होतं. घाट दूरच राहिला. काकूंनी आत स्टोव्ह पेटवून चहा केला आणि हाक मारली, "अवं, या की आत. सोताच्या घरात बी पाव्हण्यावानी उबं ऱ्हाणार का?"

काका पायऱ्यांशी आले, चप्पल काढली आणि आत येऊन बाकावर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या बाकावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. कपाची वाट पाहताना सवयीने त्यांची नजर भिंतीवर गेली. रस्त्याच्या हादऱ्यांनी जागोजागचे स्क्रू हलले होते. एक तिरपा, एक आडवा, एक बाहेर डोकावलेला. मी मनात म्हटलं, आता पेचकस निघणार.

"झोपले समदे पहारेकरी," काका म्हणाले. आणि खिडकीबाहेर बघत चहा प्यायला लागले.

दिवेलागणीला आम्ही नव्या घरी पोचलो. हे जिन्यात किल्ली धरून उभे. "तीन मैलांना एवढा वेळ? रस्ता चुकलात का?" काकू म्हणाल्या, "चुकलो की. लई झ्याक चुकलो."

सामान उघडताना गादीच्या घडीत मला एक पितळी स्क्रू सापडला. टेबलाच्या वरचा असावा. काही दिवसांनी तो परत करायला चिंचवडला गेले. आमच्या जागी पुन्हा भिंत उभी होती, मातीतली. आत नवी नवरी भांडी मांडत होती. काका मागच्या अंगणात पाव्हणीला टेकून बसले होते. मी स्क्रू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने फिरवून पाहिला आणि परत माझ्या हातावर ठेवून माझी मूठ मिटवली.

"ठिवा तुमच्याकडं," म्हणाले. "एक तरी भायेर ऱ्हाऊ द्या."

पुढे काका गेले, काकू गेल्या, चाळीच्या जागी इमारत आली. पाव्हणीचं काय झालं, ते मला नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. अजूनही एखाद्या शेतात दुमजली छप्पर दिसलं, तर मी गाडी थांबवायला लावते. नात म्हणते, "आजी, पोल्ट्री आहे ती." मला ते कळतं. तरी मी उतरून बघून येते.

तर परवाच्या त्या इलेक्ट्रिशियनने बोर्डावरची प्रत्येक फुली अधिकासारखी केली. जाता जाता त्याची नजर स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या चौकटीकडे गेली. तिथे एक जुना पितळी स्क्रू आहे, पार आडव्या खाचेचा. मुलगा चांगला, स्वतःहून पेचकस काढून पुढे झाला.

मी म्हटलं, "तो नको. तो बाहेरगावी गेलाय."